मायकोरायझा कुंड्या, इंदूर: 60 व्या दिवसाची नोंद

माळव्याच्या काळ्या मातीचा सामू (pH) 8 च्या आसपास. स्फुरद (फॉस्फरस) असतो, पण कॅल्शियमला चिकटलेला. मायकोरायझाची, म्हणजे झाडाच्या मुळांत राहून त्याच्याशी देवाणघेवाण करणारी, बुरशी तो सोडवते असं सर्रास सांगतात. खरं तर ती मुख्यतः हमाल आहे. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा स्फुरदाने रिकामा होतो, त्यापलीकडे काही सेंटिमीटर तिचे तंतू जातात. माल मोकळा करायचं काम बहुतांशी पीएसबी (स्फुरद विरघळवणाऱ्या) जिवाणूंचं, आणि ते तंतूंमधून पाझरणाऱ्या साखरेवर पोसतात. हीच जोडी तपासायला 8 इंची 9 कुंड्या, ज्वारी.

मिश्रण: 1 भाग चाळलेली काळी माती, 2 भाग धुतलेली नर्मदेची रेती. कुकरमध्ये लागोपाठ दोन दिवस तासतास वाफ. सगळ्या कुंड्यांत 5 ग्रॅम झाबुआ रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची पूड) आणि बियाखाली 5 सेंमीवर मायकोरायझाचा 10 ग्रॅम थर. वाफेने बाकीचे जीवही मरतात, म्हणून कच्च्या मातीचं पाणी कॉफीच्या गाळणकागदातून गाळून सगळीकडे घातलं. बुरशीचे मोठे बीजाणू कागदावरच राहतात.

अ: एवढंच. ब: अधिक 2 मिली पीएसबी. क: ब सारखंच, अधिक 3 ग्रॅम डीएपी (सहज विरघळणाऱ्या स्फुरदाचं खत). डीएपीत 18 टक्के नत्रही असतं, म्हणून अ आणि ब ला 1.2 ग्रॅम युरिया. हे विसरलात तर फरक नत्राचा की स्फुरदाचा, कळणारच नाही.

25 वा दिवस: अ ची खालची पानं जांभळट (स्फुरद कमी पडल्याची खूण), ब ची कमी, क हिरवीगार.

60 वा दिवस, मुळं रंगवून. बारीक पांढरी मुळं 1 सेंमी कापून 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये 90 अंशांवर 30 मिनिटं (हातमोजे, चष्मा), धुवून व्हिनेगरमध्ये बुडवणं, मग व्हिनेगरमध्ये 5 टक्के पेनची शाई घालून 3 मिनिटं उकळी. शेवटी व्हिनेगरचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात 20 मिनिटं. पोटॅशमध्ये जास्त ठेवलं तर साल सुटते आणि बुरशी सालीबरोबर जाते. व्हिनेगरची बुडी चुकवली तर शाई धरत नाही. आडवे पडदे असलेले तंतू दिसले तर ती बहुधा दुसरीच बुरशी, मोजू नका. झुडपासारखी आकृती पेशीत दिसली की खात्री.

रंगवलेल्या मुळांच्या 100 छेदांपैकी बुरशी दिसलेले: अ 41, ब 58, क 9. तीन-तीनच कुंड्या आहेत, अ-ब मधल्या फरकावर पैज लावू नये. क चा आकडा मात्र बोलका: स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला बोलावणारे संकेत सोडणं कमी करतं. गंमत म्हणजे सगळ्यात उंच ज्वारी क मधलीच. उंचीवरून बुरशीचा हिशेब करू नका.

ब ची दुसरी कुंडी मोजणीत कमी पडली (49). पाणी जास्त झालं, वर पांढरे बारीक उड्या मारणारे कीटक. ते तंतू कुरतडतात. वरचे 2 सेंमी सुकल्याशिवाय पाणी नको.

कंपोस्ट घालू का? हे शहर कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’चं, आणि ती बसवणारे अल्बर्ट हॉवर्डही पुढे मायकोरायझाचे मोठे पुरस्कर्ते झाले, पण कुंडीत 10 टक्क्यांवर नको, कोंबडखत तर नकोच. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं द्रावण मातीत ओतू नये. पुढचं पीक कांदा. मोहरी, मुळा, पालक यांच्या मुळांत ही बुरशी नांदत नाही.

90 व्या दिवशी पाणी बंद. 12 दिवसांनी ज्वारी मातीलगत कापून, मुळं बारीक चिरून मातीतच मिसळायची, सावलीत सुकवून पिशव्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात; हेच पुढच्या कुंड्यांसाठी बुरशीचं विरजण.