आठ प्लग आणि शिशाचा एक दाणा

रविवारी सकाळी आभाळ एकदम मोकळं होतं, म्हटलं आपलं छोटं विमान घेऊन तासभर उडून येऊ. टॅक्सी करत रनवेच्या अलीकडे थांबलो, रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची तपासणी) सुरू केला, १७०० आरपीएम (मिनिटाला फेरे), चावी उजव्या मॅगवर (मॅग म्हणजे मॅग्नेटो, प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र), ठीक, मग डाव्यावर टाकली आणि इंजिन असं काही धडधडायला लागलं की डॅशवरचा चष्माच खाली आला. ड्रॉप, म्हणजे एकाच मॅगवर फेऱ्यांत होणारी घट, २०० च्या वर! माझ्या मॅन्युअलमध्ये एका मॅगवर १२५ पर्यंत चालतो आणि दोन्हींमधला फरक ५० च्या आत लागतो. मिक्स्चर लीन करून (हवेत पेट्रोल कमी करून) २००० आरपीएमवर मिनिटभर चालवून बघितलं, कधीकधी तेवढ्याने प्लगवरची घाण जळून जाते. नाही गेली. मुकाट्याने परत हँगरला.

आपल्या इंजिनाला सिलिंडर चार पण प्लग आठ, प्रत्येक सिलिंडरला दोन, आणि दोघांचे मॅग्नेटो वेगळे. एक मॅग मेला तरी घरी येता येतं, म्हणून ही सगळी भानगड. माझ्या डोक्यात लगेच 'मॅग्नेटो बिघडला, आता खर्च किती' हेच चालू झालं. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, आधी गार सिलिंडर शोध (ज्यात ठिणगी पडत नाही तो तापत नाही), मग रड.

मग इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. परत सुरू केलं, लगेच डाव्या मॅगवर टाकलं, अर्धा मिनिट चालवलं आणि बंद. चावी खिशात (मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, त्याची ग्राउंडची वायर तुटलेली असेल तर चावी बंद असूनही नुसता प्रॉपेलर हलवल्यावर इंजिन पेटू शकतं, त्यामुळे प्रॉपच्या वाटेत मी कधीच उभा राहत नाही). काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून एक्झॉस्ट पाइपांवर पाण्याचे थेंब टाकले. तीन ठिकाणी चर्रर्र झालं आणि दोन नंबरवर थेंब नुसता ओघळला. सापडला चोर!

दोन नंबरचा खालचा प्लग डाव्या मॅगचा. काढून टॉर्चखाली धरला तर आत पोर्सिलेन आणि लोखंडाच्या मधल्या फटीत टाचणीच्या डोक्याएवढा करडा दाणा अडकलेला. शिसं. आपल्या १०० एलएल पेट्रोलच्या नावात 'लो लेड' (कमी शिसं) आहे खरं, पण त्यातही लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते बाहेर काढून टाकायला पेट्रोलमध्ये वेगळं रसायन घातलेलं असतं, पण ते नीट चालायला प्लग तापावा लागतो, आणि टॅक्सीत आयडलवर रिच (जास्त पेट्रोलच्या) मिक्स्चरमध्ये तो तापत नाही. खालच्या प्लगांचे हाल जास्त, सगळा गाळ तिकडेच उतरतो.

दाणा बारीक टोच्याने काढला. मग हात काळे झालेच आहेत तर बाकीचे सातही काढले, मेकॅनिक दुपारी आल्यावर त्याच्यासमोर साफ केले, गॅप (ठिणगीची फट) तपासली, वरचे खाली, खालचे वर, नवे तांब्याचे वॉशर, टॉर्क रेंचने (मोजून आवळायच्या पान्याने) ३५ फूट-पाउंड. त्यातला एक माझ्या हातून फरशीवर पडला. दिसायला काही झालं नव्हतं तरी त्याने न बोलता उचलून कचऱ्यात टाकला, आतलं पोर्सिलेन तडकलेलं असलं तर बाहेरून कळत नाही. वाईट वाटलं पण बरोबर आहे त्याचं.

लॉगबुकात सही करता करता त्याने विचारलं, टॅक्सीत लीन करतोस ना? मी म्हटलं, हो, थोडं. तर म्हणे थोडं करून उपयोग नाही, उलट धोका, तसंच विसरून टेक-ऑफला निघशील. इतकं लीन कर की थ्रॉटल उघडला की इंजिनाने लगेच मान टाकली पाहिजे, म्हणजे विसरायची सोयच नाही. इतकी वर्षं मी मिक्स्चरचं ते नॉब घाबरत घाबरत दोन बोटं ओढत होतो.

संध्याकाळी परत रन-अप केला. डावा ६०, उजवा ७०, इंजिन एकदम गुळगुळीत. तोवर आडवा वारा एवढा सुटला होता की विमान ढकलत हँगरमध्ये ठेवलं आणि शटर ओढलं.