ले-ऑफच्या काळातला अर्धा पगार: माझा अनुभव

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्राचा ऑपरेटर होतो. मोठ्या कंपन्यांनी उत्पादनाचे दिवस कमी केले, तयार मालाची खोकी आमच्या शेडमध्ये छतापर्यंत चढली आणि व्यवस्थापनाने आठवड्यातले काही दिवस काम बंद ठेवायला सुरुवात केली. यालाच ले-ऑफ म्हणतात: नोकरी कायम, पण काम नसल्याने कामगाराला तात्पुरते बसवून ठेवणे. ऑर्डरच नव्हती, त्यामुळे काम थांबवण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती टाइम ऑफिसमध्ये आमच्यापुढे ठेवलेल्या छापील अर्जाबद्दल. 'घरगुती कारणास्तव माझ्या हक्काच्या रजेतून सुट्टी मंजूर करावी आणि रजा शिल्लक नसल्यास ती बिनपगारी धरावी', असा त्यातला मजकूर होता. बऱ्याच जणांनी सह्या केल्या. आम्ही काही जणांनी केल्या नाहीत.

तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधली याबाबतची तरतूद मला युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्याने समजावून सांगितली. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ज्याची वर्षभराची सलग सेवा झाली आहे आणि ज्याचे नाव हजेरीपटावर आहे, अशा कामगाराला ले-ऑफच्या काळात साप्ताहिक सुट्ट्या वगळून मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी भरपाई मिळते. घरभाडे आणि इतर भत्ते या हिशेबात येत नाहीत, त्यामुळे ज्याला आपण अर्धा पगार म्हणतो तो हातात पडताना अर्ध्याहून बराच कमी असतो. शंभर किंवा अधिक कामगार असते तर वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्तीसारखी कारणे वगळता सरकारची पूर्वपरवानगीही लागली असती. आम्ही पटावर सत्तरच्या आसपास होतो. (नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची ही मर्यादा तीनशेवर नेली आहे, निम्म्या भरपाईचा नियम मात्र कायम ठेवला आहे.)

त्या कार्यकर्त्याने सर्वांत जास्त भर दिला तो हजेरीवर. काम नसले तरी ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा फाटकावर हजर झाले पाहिजे, नाहीतर त्या दिवसाची भरपाई बुडते. आणि हजर झाल्यापासून दोन तासांत काम दिले नाही तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. 'उद्या येऊ नका' असे तोंडी सांगितले जात असतानाही आम्ही पहिल्या पाळीला जात राहिलो. सुरक्षारक्षक सुरुवातीला नोंद करायला तयार नव्हता, म्हणून आम्ही वेळ आणि नावे लिहिलेला कागद रोज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊ लागलो. मध्यंतरी मालकाच्या जवळच्याच दुसऱ्या शेडमध्ये पॅकिंगचे काम देऊ केले गेले. एका सहकाऱ्याला ते कमीपणाचे वाटले आणि त्याने नकार दिला. तेव्हाच्या नियमानुसार पाच मैलांच्या आत, त्याच पगारावर आणि वेगळे कौशल्य न लागणारे काम नाकारले तर भरपाईचा हक्क जात असे, त्यामुळे त्याचे ते दिवस कोरडे गेले. मला हा नियम न्याय्यच वाटतो.

कामगार कार्यालयात समेटाच्या बैठका लागल्या. व्यवस्थापनाच्या सल्लागाराने सह्या केलेले अर्ज पुढे केले, तेव्हा अधिकाऱ्यांनी एवढेच विचारले की इतक्या कामगारांची घरगुती कारणे एकाच तारखेला कशी उद्भवली. त्यानंतर बोलणे हिशेबावर आले. मालकाची अडचण खरी होती, देणी थकली होती, हे आम्हीही मान्य केले आणि रक्कम दोन हप्त्यांत घेण्यास तयार झालो. कापलेल्या रजा सह्या करणाऱ्यांच्याही खात्यात परत जमा झाल्या आणि ते दिवस सलग सेवेत धरले जातील, असे समझोत्यात लिहून घेतले.

आमच्याच मशीनवर काम करणाऱ्या कंत्राटी मुलांना यातले काहीच मिळाले नाही. त्यांची नावे ठेकेदाराच्या पटावर होती, बहुतेकांची वर्षाची सेवाही भरत नव्हती आणि दुसरा हप्ता आमच्या खात्यात जमा झाला तोवर त्यांतले बरेच जण खोल्या सोडून गावी गेले होते.