मृत्यू जवळजवळ एकाच स्वरात गातो

आज दिवसभर ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. 'डेर टोड उंड दास मेडशेन', म्हणजे मृत्यू आणि तरुण मुलगी. जर्मन कवी मातियास क्लाउडियसची आठ ओळींची कविता. चार ओळी मुलीच्या, चार मृत्यूच्या. १८१७ साली ती स्वरबद्ध केली तेव्हा शूबर्ट अवघा वीस वर्षांचा होता.

आधी नुसता पियानो, अगदी हळू, संथ पावलांचा. मग एकदम मुलीचा आकांत: निघून जा, मी अजून लहान आहे, मला हात लावू नकोस. पियानोही तिच्याबरोबर धापा टाकतो. तिचा आवाज ओसरतो, पुन्हा तीच पावलं येतात, आणि मृत्यू बोलू लागतो. तो घाबरवत नाही. 'हात दे, मी मित्र आहे, शिक्षा करायला आलेलो नाही.' बराच वेळ तो एकाच स्वरावर थांबतो, षड्ज लावून बसल्यासारखा. खाली पियानोचे स्वरमेळ तेवढे बदलत राहतात. एवढ्या कमी सामग्रीत इतकी माया कशी मावते, मला खरंच कळत नाही.

शेवटी उदास मायनर स्वरांचं उजळ मेजर होतं. तिथे आज डोळे भरून आले. ती शांतता मला खरी वाटते, फसवी नाही.

याच गाण्याच्या सुरावटीवर शूबर्टने १८२४ मध्ये तंतुवाद्यांच्या चौकडीचा (चार वाद्यांसाठीच्या रचनेचा) एक अख्खा भाग उभारला. तेव्हा तो आजारी होता. १८२८ मध्ये गेला, एकतिसाव्या वर्षी.

अमेरिकन गायिका मरियन अँडरसनचं जुनं ध्वनिमुद्रण मिळालं तर नक्की ऐका. शेवटचा खोल स्वर तिच्याकडूनच ऐकावा.