तुम्ही विचारलंत म्हणून: काकू पंढरपुरात का राहते

वारीहून आलेलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतं, "घर आहे, शेती आहे, पुतणे आहेत, मग तुमची काकू तिथं मठात का राहते?" आजवर मी सांगत आले, तिला विठ्ठलाची ओढ आहे. ते खोटं नाही. पण पुरं खरंही नाही.

काका 1994 साली गेले. मूलबाळ नव्हतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा माणसाचा वाटा बायकोला आणि आईला जातो. त्या असताना भावाला काही मिळत नाही. तलाठ्यानं वारस नोंद घेतली, आजीबरोबर काकूचंही नाव सातबाऱ्यावर चढलं आणि घरातलं वारं फिरलं. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हे मी आवर्जून सांगते. फक्त ती ओसरीवर आली की बोलणं थांबायचं.

पुढच्या वर्षी आण्णा, म्हणजे माझे वडील, काकांचे भाऊ, काकूला आणि मला तालुक्याला घेऊन गेले. मी नुकतीच बारावी झाले होते. काकूला अक्षरओळख नव्हती. झाडाखाली टायपिंगवाल्यानं कागद हातात दिला तेव्हा ती म्हणाली, "तू वाच गं. तू वाचलंस की मला पटतंय."

मी वाचलं. 'कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसे जे.' गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला ओढा. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कोणताही मोबदला न घेता.' ती मध्येच म्हणाली, "म्हंजे काय गं?" मी आण्णांनी सांगितलेलं सांगितलं, की एकच नाव राहिलं म्हणजे सोसायटीचं कर्ज लवकर निघतं. त्याच्या खाली एक ओळ होती: यापुढे सदर मिळकतीत माझा कसलाही हक्क, हितसंबंध राहिला नाही. ती ओळ मी वाचली नाही. आण्णा बघत होते. आत नोंदणी कचेरीत साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय ना? काकूनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. तिचा अंगठा शाईवर नीट बसेना, म्हणून मनगट मी धरलं होतं. येताना आण्णांनी तिला फिकट निळं लुगडं घेतलं.

अठरा वर्षांची पोर बापापुढं काय बोलणार, असं मी स्वतःला कितीदा समजावलंय. पण त्याच पोरीनं पुढच्याच वर्षी कॉलेजसाठी बापाशी आठवडाभर अबोला धरून परवानगी मिळवली होती. म्हणजे तोंड होतं मला.

1997 च्या आषाढीला काकू दिंडीबरोबर गेली. आण्णांनी मठात सांगितलं, चातुर्मासभर राहू द्या. कार्तिकीला तिला आणायला कुणी गेलं नाही. मीही नाही. माझं लग्न ठरत होतं.

घरापासून दूर वृंदावनच्या आश्रमांत राहणाऱ्या बंगाली विधवांचे फोटो तुम्ही मला पाठवता आणि हळहळता. बंगालात दायभाग नावाच्या जुन्या वारसा पद्धतीनं निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा वाटा हयातीपुरता मिळायचा, म्हणजे तिथंही मध्ये वाटाच होता, हे वाचल्यापासून ते फोटो मला परके वाटत नाहीत. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला तेव्हा मी रडले. पण हक्कसोडीच्या कागदाबद्दल असा ठराव कुठल्या गावानं करावा? करतील? लग्नानंतर भावांनी तसलाच कागद माझ्यापुढं ठेवला आणि मीही सही केली, सगळा वाचून. माहेर तुटू नये म्हणून. काकूला तरी दुसरं काय राखायचं होतं?

मी तिला माझ्याकडं बोलावलं, दोनदा. "आता इथंच बरं" म्हणाली. त्यावर मी फार जोर केला नाही, हेही लिहून टाकते.

संजय गांधी निराधार योजनेचे दीड हजार तिच्या खात्यात येतात. बँकेचा, तहसीलचा कागद आला की ती पिशवीत जपून ठेवते, माझ्यासाठी. दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. ती गाळलेली ओळ मी तिला अजून सांगितलेली नाही. गेल्या खेपेला तिनं हयातीच्या दाखल्याचा कागद पुढं केला. मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. शिक्का, तारीख, खालच्या बारीक अक्षरातल्या सूचना, सगळं. अर्ध्यातच ती म्हणाली, "बास की गं, कुठं अंगठा लावू तेवढं सांग."