छापील उत्तर १/२, तुमचं १/३: प्रोफेसरांकडे हरकत कशी मांडायची

एका घरात दोन मुलं आहेत. त्यांत निदान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगेच असण्याची शक्यता किती? प्रोबॅबिलिटीच्या वर्गात हे कोडं हमखास भेटतं. तुम्ही १/३ लिहिता, छापील उत्तर असतं १/२. अमेरिकेत नव्याने शिकायला आलेली आपली मुलं अशा वेळी गुण गेले तरी गप्प राहतात, सरांना उलट कसं बोलायचं म्हणून. गप्प राहू नका. इथे हरकत घ्यायची रीतसर सोय असते. फक्त आधी हिशेब पक्का करा.

४०० घरं धरा. मुलगा किंवा मुलगी होण्याची शक्यता सारखी मानली, तर थोरलं-धाकटं या क्रमाने चार प्रकार होतात, प्रत्येकी १०० घरं. आता पालकांना थेट विचारा, "निदान एक मुलगा आहे का?" ३०० घरं हो म्हणतील आणि त्यांतल्या १०० घरांत दोन्ही मुलगे असतील. म्हणजे १/३. पण पालकांना न विचारता दोघांतलं कुठलंही एक मूल समोर आलं आणि तो मुलगा निघाला, तर? दोन मुलगे असलेल्या १०० घरांत मुलगाच दिसणार, मिश्र २०० घरांपैकी मात्र निम्म्यांतच. एकूण २००, त्यांत दोन्ही मुलगे १००. म्हणजे १/२!

खरा मतभेद गणिताचा नाहीच, माहिती कशी हाती आली याचा आहे. गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने १९५९ मध्ये सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या सदरात १/३ उत्तर दिलं होतं आणि पुढे प्रश्नाची भाषा संदिग्ध असल्याचं मान्यही केलं.

नाणी उडवून पुरावा न्यायचा असेल तर फेऱ्या भरपूर हव्यात. छापा म्हणजे मुलगा, काटा म्हणजे मुलगी धरा. दोन नाणी एकदम उडवा, दोन्ही काटे पडले की ती फेरी सोडा. अशा ६०च फेऱ्या उरल्या तर त्यांवर काही ठरत नाही, कारण २५ वेळा दोन्ही छापे आले तर ते १/३ आणि १/२ दोन्हींत बसतं. २०० उरल्या की साधारण ६७ आणि १०० यांत गल्लत होत नाही. त्यासाठी सुमारे २७० फेऱ्या लागतात, एक्सेलवर क्षणात होतात. फक्त पहिल्या नाण्यावर छापा पडलेल्या फेऱ्या मोजू नका. तो "थोरला मुलगा आहे" हा वेगळा प्रश्न होतो आणि उत्तर १/२ येतं.

मग सिलॅबसमध्ये रीग्रेडची, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्याची, मुदत बघा. ती बऱ्याचदा आठवड्याभराचीच असते. मोठ्या वर्गात अर्ज आधी टीएकडे, म्हणजे प्रोफेसरांच्या टीचिंग असिस्टंटकडे, जातो. प्रश्न शब्दशः उतरवा, खाली ४०० घरांचा तक्ता द्या आणि विचारा: "या वाक्यातून माहिती कोणत्या पद्धतीने मिळाली असं धरायचं?" "तुमचं उत्तर चूक आहे" अशी सुरुवात केली की चर्चा तिथेच अडते. एक जपा: काही कोर्समध्ये रीग्रेडला अख्खा पेपर पुन्हा तपासतात आणि गुण कमीही होऊ शकतात, म्हणून बाकीची उत्तरं आधी चाळून घ्या. लेखी उत्तराने समाधान झालं नाही तर तोच कागद घेऊन ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत, जा.

पुढच्या पेपरात असा प्रश्न आला, तर आकडेमोडीच्या आधी एक ओळ लिहा: "पालकांना विचारून ही माहिती मिळाली असं धरलं आहे."