बोनाफाईड मिळालं का?

जून उजाडला की ठाण्यात नौपाड्यापासून वर्तकनगरपर्यंत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात हे ऐकू येतं. "बोनाफाईड मिळालं का गं?" "कुठलं! सही व्हायचीय म्हणे, सोमवारी या." हे 'बोनाफाईड' विशेषण आहे असं मधेच सांगितलं, तर दोघी माझ्याकडे काळजीने बघतील. त्यातलं 'सर्टिफिकेट' कधीच गळून पडलंय आणि उरलेलं विशेषण मराठीत नपुंसकलिंगी नाम होऊन सुखाने नांदतंय. ते काढायचं असतं, ऐनवेळी सापडत नसतं, शिवाय त्याच्या दोन झेरॉक्स लागतात.

मुळात तर ते विशेषणही नव्हतं. लॅटिनमधे 'फिदेस' म्हणजे भरवसा, इमान. 'बोना फिदे' म्हणजे चांगल्या भावनेने. आपली सरळ तृतीयाच म्हणा ना. रोमन लोकांनी या फिदेसला देवी मानून कॅपिटोलाईन टेकडीवर तिचं देऊळ बांधलं होतं. शाळेच्या खिडकीशी उभं राहून आपण बहुधा तिचाच अंगारा मागत असतो. फक्त त्यावर गोल शिक्का लागतो.

आता चांगली भावना कशाला म्हणायचं? आपल्याकडे याची दोन उत्तरं आहेत. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं आणि २०२४मधे तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचंही म्हणणं, पुरेशी काळजी न घेता, लक्ष न देता केलेलं काहीही सद्भावनेने केलेलं नाही. कायद्यांतल्या शब्दांचे अर्थ ठरवणारा १८९७चा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट मात्र उदार. काम प्रामाणिकपणे केलं ना? मग त्यात हलगर्जी झाली असली तरी ते सद्भावनेनेच केलेलं. आमच्या घरातली निम्मी कामं या १८९७वरच चालतात.

कोर्टनाक्यावर याच शब्दाला धार येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या सोळाव्या कलमानुसार घरमालकाला जागा स्वतःसाठी खरोखर आणि वाजवी कारणाने हवी असेल, तर ती परत मागता येते. वकील याला 'बोनाफाईड नीड' म्हणतात. मुलाचं लग्न ठरलंय, त्याला खोली हवी, हे खरं की भाडेकरूला काढायचा बहाणा? मनातली भावना पुराव्याने ठरवायची. न्यायाधीशांची मला दया येते.

बाजारात एवढी भानगड नाही. तिथे बोनाफाईड म्हणजे अस्सल. "देवगडचा बोनाफाईड माल आहे, ताई," असं आंबेवाला छातीवर हात ठेवून सांगतो आणि पेटीच्या तळाशी कर्नाटकातला कानडी वर्तमानपत्राचा कागद निघतो. खरं तर त्याने एवढ्या लांबचं नाव घ्यायचीही गरज नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्या जोडीला आपला ठाणे जिल्हाही यादीत होता. पण "ठाण्याचा हापूस घ्या" असं ओरडणारा आंबेवाला काही मला अजून भेटलेला नाही.