टॅनिनचा गोंद: हेक्झामीनवर पकड आली

टॅनिन म्हणजे साली-फळांतलं तुरट द्रव्य. त्याचं गंजावर लावायचं द्रावण झालं, शाई झाली; सध्या सगळा जोर गोंदावर आहे. फॉर्मल्डिहाइडची बाटली घरात आणायची नाही, एवढी एकच अट.

दोन पावडरी घेतल्या, हिरडा आणि वॅटलची (बाभळीच्या जातीचं झाड) साल. ओळख पटवायला बरेच जण फेरिक क्लोराइडचा थेंब टाकतात: निळा-काळा आला की हायड्रोलायझेबल (ॲसिडने तुटणारं टॅनिन), हिरवट आला की कंडेन्स्ड (तसं न तुटता साखळीत जोडलेलं). वॅटलच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. त्याच्या रेणूतल्या एका कड्यावर, ‘बी’ रिंगवर, बहुतांशी तीन शेजारी हायड्रॉक्सिल (OH) गट असतात, त्यामुळे कंडेन्स्ड असूनही रंग निळसरच येतो. त्यापेक्षा अर्क सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळावा. वॅटलच्या नळीत विटकरी गाळ बसला, म्हणजे फ्लोबाफीन, कंडेन्स्ड टॅनिनची खूण. हिरड्याची नळी फिकट पिवळसर, गाळ थोडाच.

मग गोंद. वॅटलचं ४५ टक्के द्रावण कोमट पाण्यात केलं. काकवीसारखं दाट होतं, म्हणून पावडर थोडी थोडी घालत ढवळावी लागते. कोरड्या टॅनिनच्या ६ टक्के हेक्झामीन (फुटल्यावर फॉर्मल्डिहाइड देणारी पावडर, इथे जोडणारा घटक) पाण्यात विरघळवून घातलं आणि सौम्य कॉस्टिक सोड्याने पीएच वाढवला. पीएच जितका चढवाल तितका गोंद लवकर गोठतो, त्यामुळे लाकडाच्या पट्ट्या आणि क्लॅम्प आधीच मांडून ठेवा. ओव्हन १३० अंशांवर.

सांधा पक्का बसला. रात्रभर गार पाण्यात ठेवूनही सुटला नाही. उकळत्या पाण्यात मात्र कडेला केसभर फट पडली. घराबाहेरच्या कामाला हा गोंद मी तरी वापरणार नाही.

मजा रसायनात आहे. हेक्झामीन फुटून पूर्ण फॉर्मल्डिहाइड होण्याआधीच त्याचे तुकडे टॅनिनच्या रेणूतल्या दुसऱ्या कड्याला, ‘ए’ रिंगला, जाऊन बिलगतात, म्हणून फॉर्मल्डिहाइडचं उत्सर्जन फारच कमी. वॅटलची ही रिंग रिसॉर्सिनॉलच्या (फिनॉलच्या घराण्यातलं रसायन) धाटणीची, म्हणजे विक्रियेला फिनॉलपेक्षा कितीतरी चपळ. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून पार्टिकल बोर्डाला वॅटलचा गोंद वापरला जातोय तो याच गुणावर. हिरड्याला अशी रिंगच नाही. त्याच मापाने केलेली हिरड्याची जोडी हाताने पिळली तर निघाली. गंजासाठी मात्र हिरडाच उत्तम. तांबूस पत्रा बघता बघता काळा-निळा होतो.

पुढे पाइनची साल. तिची ‘ए’ रिंग फ्लोरोग्लुसिनॉलच्या (त्याच घराण्यातलं) वळणाची, वॅटलहून तापट. म्हणून सुरुवात कमी पीएचवर आणि अगदी छोट्या घाण्यापासून करणार आहे. पाइनवर हेक्झामीन कोणी किती टक्के घालतं?